डबा खरा, बिल खरं, कॅमेरा भलताच

डबा ओरिजिनल, बिल ओरिजिनल, कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरीयल नंबर आणि बिलावरचा नंबर अगदी तंतोतंत, आणि तरीसुद्धा माझ्या हातात जो कॅमेरा होता तो त्या बिलावरचा कॅमेरा नव्हताच. हे कसं काय ते जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्या कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात सेकंडहँड कॅमेरे घेणारी पोरं भरपूर आहेत, लग्नसराईच्या तोंडावर तर रोज कुणी ना कुणी घेतंय, आणि बिल बघितलं की निम्मं काम झालं असंच सगळे धरून चालतात.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, कास्टिंग म्हणजे ओतीव भाग तपासायचं काम. सुट्टीला फोटो. मला सण आणि माणसं काढायला आवडतात, जोतिबाची चैत्र यात्रा, त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव, गणपती. हे सगळं कमी उजेडातलं काम, आणि माझी जुनी बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, वाढवला की फोटोत नुसते दाणे दाखवायची. फुल फ्रेम, म्हणजे आतला फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा, नवीन घेणं पगारात बसत नाही. निकॉनच्या दोन लेन्स घरात होत्या म्हणून निकॉनचाच फुल फ्रेम डी७५० जुना शोधायचं ठरवलं. २०१४ साली आलेली बॉडी, २४ मेगापिक्सेल, दोन कार्डचे स्लॉट, शटर कंपनीनं दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं. जुनी आहे पण कमी उजेडात आजही कुणाला ऐकत नाही, आणि नीट वापरलेली मिळाली तर अजून कितीतरी वर्षं काढते.

जाहिरातींच्या अ‍ॅपवर शोधायला लागलो तर पहिलाच जो भेटला तो ‘फौजी’. हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण आपल्याकडं तो जास्त चालतो. डीपीला वर्दीतला फोटो, ‘टेंबलाईला पोस्टिंग होतं, आता बदली झाली, सामान नेता येत नाही’, बाजारभावाच्या निम्मी किंमत, आणि न मागताच ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डाचे फोटो. कॅमेरा बघायला येतो म्हणलं की ‘अंदर आना अलाऊ नहीं है, आर्मी के कुरियर से भेज देंगे, आधा पेमेंट कर दो’. माझे मामा सैनिक टाकळीचे, सतरा वर्षं नोकरी करून आलेले, त्यांना ते फोटो दाखवले तर ते भडकलेच. म्हणले, ‘आरं, ड्युटीवरचा माणूस आपलं कार्ड असं कुणाला पण पाठवतोय व्हय? आणि आर्मीचं कुरियर कुठलं आलंय कॅमेरे पोचवायला?’ ज्या जिल्ह्यात घराघरातला पोरगा फौजेत आहे तिथं वर्दीचा फोटो टाकून लुटायचं म्हणजे अतिशय घाण काम आहे हे. याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे तुम्ही काहीतरी विकायला काढलं की हाच माणूस गिऱ्हाईक होऊन येतो आणि ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि नवीन फोन घेतलेल्या पोरांना आजच सांगून ठेवा. आणि गेलेच कुणाचे तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा, उशीर झाला की पैसे खात्याखात्यातून फिरून पुढं जातात.

तो ब्लॉक केला. मग ही जाहिरात दिसली.

डी७५० बॉडी, सोबत ५० एमएमची लेन्स, बेचाळीस हजार, ‘घरगुती वापर, लग्नाच्या कामाला कधीच वापरला नाही, फुल बॉक्स बिलासहित’. फोटो चांगले काढलेले, बिलाचा पण फोटो, २०१७ सालचं. माणूस कोल्हापूरचाच, मराठीत बोलणारा, आवाजावरनं पस्तिशीतला, बोलायला एकदम गोड. त्याचं म्हणणं, मी बँकेत आहे, पोरीच्या बारशाला हौसेनं घेतला, आता वडिलांना दवाखान्यात ठेवलंय म्हणून काढतोय. दवाखान्याचं ऐकलं की आपण भाव पाडायला पण कचरतो, खोटं वागणाऱ्याला हे बरोबर माहीत असतंय.

मी विचारलं, शटर काउंट किती, म्हणजे आजवर एकूण किती क्लिक झालेत? तर त्यानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवला, फाईलचं नाव होतं डीएससी ८२१४, आणि म्हणला ‘बघा दादा, आठ हजार फक्त’. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. निकॉनमध्ये फाईलचा नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि परत एकपासून सुरू होतो, शिवाय सेटिंगमधून कधीही रिसेट करता येतो. म्हणजे ८२१४ हा आठ हजार असू शकतो, अठरा हजार असू शकतो, एक लाख अठरा हजार पण असू शकतो. खरा आकडा असतो तो फोटोच्या फाईलच्या पोटात. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा स्वतःची माहिती लिहून ठेवतो, तारीख, लेन्स, सेटिंग, आणि निकॉनच्या डीएसएलआरमध्ये त्या क्षणापर्यंत एकूण किती क्लिक झाले ते आणि बॉडीचा सिरीयल नंबरसुद्धा. कॅननचं वेगळं आहे, त्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा फोटोत येत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरनं काढावा लागतो.

म्हणून म्हणलं मला एक ओरिजिनल जेपेग पाठवा. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला. तसा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप फाईल बारीक करतंय आणि ही सगळी माहिती उडवून टाकतंय, हातात काही राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणलं, तर ‘मला ते जमत नाही दादा, कॉम्प्युटर ऑफिसात आहे’. परत दोनदा आठवण केली, उत्तर तेच. त्याऐवजी टोकनचं सुरू झालं. सांगलीचं गिऱ्हाईक आहे, उद्या सकाळी येतंय, तुम्ही दोन हजार टाका, मी त्यांना नाही म्हणतो. मी सांगितलं, वस्तू बघितल्याशिवाय रुपया नाही, बघितल्यावर जागेवर सगळे देतो. त्यावर रात्री साडेआठला ताराराणी चौकात या म्हणला. रात्री रस्त्याकडंला उभं राहून कॅमेरा काय बघणार? दिवसा भेटू, बसायला टेबल पाहिजे, माझा लॅपटॉप आणि माझं कार्ड घेऊन येणार आहे, असं स्पष्ट लिहून पाठवलं. थोडी टाळाटाळ केली आणि मग रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका चहाच्या हॉटेलात यायला तयार झाला.

तिथं गेलो तर तो आधीच बसलेला, आणि पलीकडच्या टेबलावर राधानगरी भागातला एक पोरगा, वीस-एकवीसचा, एसटीनं आलेला, मांडीवर सॅक घट्ट धरून. थोड्या वेळानं कळलं की तो पण ह्याच कॅमेऱ्याला आलाय आणि दोघांना मुद्दाम एकाच वेळेला बोलावलंय. ‘हे बघा दादा, हे पण घ्यायलाच आलेत, तुम्ही बघून घ्या पटकन, नाहीतर ते थांबलेलेच आहेत.’ समोर दुसरं गिऱ्हाईक बसवलं की माणूस घाई करतो, तपासत नाही, भाव करत नाही. मी त्या पोराला म्हणलं, तू पण इकडं येऊन बस, दोघं मिळून बघूया. विकणाऱ्याला हे आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही त्याला.

कॅमेरा बाहेर काढला. लांबून एकदम नवा. हातात धरायचं रबर काळंभोर, कडक, एक सुरकुती नाही. इथंच माझं मन शंकलं, कारण ह्या बॉड्यांचं रबर वापरून वापरून सैल होतं, कडा सुटतात, आणि वर फ्लॅश लावायची जी पट्टी असते तिचा काळा रंग मात्र ह्या कॅमेऱ्यावर पार उडून आतलं पिवळं धातू दिसत होतं. फ्लॅश हजारदा सरकवल्याशिवाय असं होत नाही. घरगुती वापरात, पोरीच्या बारशाला आणि वाढदिवसाला, एवढा फ्लॅश कोण लावतंय? पट्टा अडकवायच्या कड्यांची पण तीच गत, घासून बारीक झालेल्या. म्हणजे रबर नवीन चिकटवलंय. आमच्याकडं कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, पडलं की त्यात पुट्टी भरून वरनं पेंट मारून पाठवणारे काही सप्लायर असतात, लांबून माल चकाचक दिसतो, तशातलाच हा प्रकार वाटला. पण नवीन रबर लावणं हा काही गुन्हा नाही, म्हणून बोललो नाही, पुढं बघत गेलो.

बाजूला केबल लावायचं रबरी झाकण उघडलं. त्याच्या बिजागरीच्या फटीत काहीतरी गुलाबीसर. खिशात कान साफ करायच्या काड्या ठेवल्या होत्या, एक काडी नुसती फिरवली तर कापूस गुलाबी होऊन बाहेर आला. बॅटरीच्या दाराच्या कडेला पण तेच. गुलाल. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात जो गुलाल उधळतात तो एकदा फटीत गेला की जात नाही, वर्षानुवर्षं निघत राहतो, माझ्या जुन्या बॉडीत अजून आहे. ती काडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, साहेब, हा यात्रेला किंवा मिरवणुकीला वापरलाय का? म्हणला, ‘एकदा भाच्याच्या निवडणुकीला नेला होता, ग्रामपंचायतीच्या’. बरं म्हणलं, असू शकतंय.

बॅटरी घातली, मेन्यूत बॅटरी इन्फो उघडलं. ह्या कॅमेऱ्यात बॅटरीचं वय शून्य ते चार असं दाखवतं, शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे संपली. हिचं चार. ते पण सोडून दिलं, बॅटरी नवीन मिळते.

मग माझं कार्ड काढलं. त्याबरोबर तो पुढं झुकून म्हणला, ‘कार्ड कशाला बदलताय, आतलंच वापरा की, तुमच्या कार्डात व्हायरस बिरस असला म्हणजे?’ हे ऐकल्यावर तो पोरगा पण माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, साहेब, मी मेसेजमध्येच लिहिलं होतं माझं कार्ड आणणार म्हणून, आणि कार्ड घालून आधी फॉरमॅट करतो तुमच्यासमोर, मग तर झालं? त्यानं हात मागं घेतला.

हॉटेलाची भिंत पांढरी होती. लेन्सचा फोकस मॅन्युअल केला, मुद्दाम आऊट ठेवला, एफ १६ ला भिंतीचा फोटो. एवढं बारीक तोंड ठेवलं की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती बघायला हे करतात. धूळ होतीच थोडी, पण फोटो स्क्रीनवर मोठा केला तर उजव्या तिसऱ्या भागात वरपासून खालपर्यंत एक बारीक, अगदी सरळ, जांभळट रेघ, आणि तिच्यावर साधारण मध्यावर एक पांढरा ठिपका. दुसरा फोटो काढला, रेघ तिथंच. लेन्स बदलून माझी लावली, रेघ तिथंच. कॅमेरा आडवा-उभा केला तर रेघ पण कॅमेऱ्याबरोबर फिरली. म्हणजे भिंतीवर नाही, लेन्समध्ये नाही, सेन्सरवरच.

ही रेघ काय आहे हे मला माहीत होतं कारण आमच्या ओळखीतल्या दोघांची असंच होऊन वाट लागलीय. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर लेझर लावतात ना, त्याचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर लेन्स तो सेन्सरवर एका बिंदूला गोळा करते आणि तेवढी जागा जळते, आणि बऱ्याचदा त्या ठिपक्यासोबत अख्खी ओळच जाते. फोटो काढताना शटर क्षणभर उघडतं म्हणून धोका कमी, पण व्हिडिओ चालू असताना सेन्सर सतत उघडा असतो. गणपतीत जिम्बलवर, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर, कॅमेरा लावून गाडीसमोर उलटं चालत व्हिडिओ काढणारी पोरं बघता ना, सगळ्यात जास्त त्यांच्या बॉड्या जातात. लेझरनं माणसांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडं आल्यातच, कॅमेऱ्याचा सेन्सर तर बिचारा पापणी पण मिटू शकत नाही. आणि सेन्सर बदलायचा खर्च सेकंडहँड बॉडीच्या किमतीजवळ जातो, म्हणून तशी बॉडी लोक पार्टसाठी स्वस्तात विकून टाकतात. जाहिरातीतले नमुना फोटो आता परत उघडून बघितले, सगळे गर्दीचे, झाडाझुडपांचे, रंगीबेरंगी साड्यांचे, एकातही मोकळं आकाश किंवा साधी भिंत नाही. त्या भरगच्च फोटोत ही रेघ दिसतच नाही.

ह्यानंतर लॅपटॉप काढला. एक्झिफटूल म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला साधं, पण फाईलच्या पोटातलं सगळं बाहेर काढतं. मगाशी काढलेला भिंतीचा फोटो त्यात टाकला. शटर काउंटच्या ओळीत १ लाख ९६ हजारांच्या वरचा आकडा. आणि हे फक्त फोटोंचं, व्हिडिओचे तास ह्या आकड्यात येतच नाहीत. त्याच यादीत वर सिरीयल नंबरची ओळ होती, ती सहज म्हणून बुडावरच्या नंबरशी ताडून बघितली, शेवटचे चार आकडे वेगळे. परत वाचले. त्या पोराला वाचायला लावले, तो एकेक आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेला आणि मी कॅमेरा उलटा धरून बघत गेलो. बुडावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एक. डब्यावरचा पण तोच. फक्त कॅमेरा स्वतः आपला नंबर दुसराच सांगत होता.

‘हे काय आहे साहेब?’ म्हणून विचारलं. आधी म्हणला सॉफ्टवेअर चुकीचं आहे. मग म्हणला सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलला होता. बोर्ड बदलला असेल तर सर्व्हिसचा कागद दाखवा, म्हणलं. कागद दवाखान्याच्या गडबडीत हरवला. मग आवाज चढला, ‘तुम्हाला घ्यायचा नसेल तर नका घेऊ, माणसाचा टाईमपास करायलाय काय? ह्या भावाला घ्यायचाय, त्याला देतो मी.’

आणि खरं सांगतो, तिथं माझं डोकं सणकलं. कारण तोपर्यंत त्या पोराशी बोलणं झालं होतं. त्याच्या आईनं भिशीचा नंबर लावून पैसे उचलले होते, गावात लग्नाची दोन कामं बोलून ठेवली होती, आणि त्या सॅकमध्ये चाळीस हजार रोख होते. ह्या कॅमेऱ्यावर त्यानं पहिलं लग्न काढलं असतं आणि नवरीच्या प्रत्येक फोटोत जांभळी रेघ आली असती, पैसे गेले असते ते गेलेच, गावात परत काम मिळालं नसतं. मी लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला, रेघ मोठी करून दाखवली, आकडा दाखवला, आणि विकणाऱ्याच्या तोंडासमोर सांगितलं की बाळा, हा घेऊ नकोस, हा दोन कॅमेऱ्यांचा मिळून एक केलेला आहे आणि ह्याचा सेन्सर जळालाय. पोरगं कसंनुसं झालं, पण उठलं आणि माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं. त्या माणसानं कुणाला तरी फोन लावला, पाचेक मिनिटांत बुलेटवरनं एकजण आला आणि ‘पेट्रोलचे पाचशे द्या, लांबनं आलोय आम्ही’ सुरू केलं. हॉटेलवाले काका गल्ल्यावरनं सगळं ऐकत होते. ते उठून आले आणि एवढंच म्हणले, ‘चहाचे पैसे कोण देणार बोला, आणि भांडायचं असलं तर रस्त्यावर जावा, नायतर मी चौकीला फोन लावतो.’ दोघं गेले. चहाचे पैसे मीच दिले, काका घेत नव्हते.

जाण्याआधी दोन्ही सिरीयल नंबरांचे, बिलाचे आणि डब्याचे फोटो माझ्याकडं होतेच, कारण तपासताना मी सगळ्याचे काढत गेलो होतो. ते घरी आल्यावर आमच्या फोटोग्राफर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि विचारलं की ह्यातला कुठला नंबर कुणाच्या ओळखीचा आहे का. मला भीती होती चोरीचा असेल म्हणून. दुपारपर्यंत दोन्ही मालक सापडले आणि दोघांचं काहीच चोरीला गेलेलं नव्हतं.

बिल आणि बुडाचा नंबर व्हीनस कॉर्नरजवळच्या एका स्टुडिओवाल्यांचा. २०२१ च्या जुलैत महापुराचं पाणी त्यांच्या दुकानात शिरलं तेव्हा ही बॉडी कपाटात होती, दोन दिवस पाण्यात राहिली, आतलं सगळं गंजलं. ती त्यांनी भंगारात एका रिपेअरवाल्याला दीड-दोन हजारात दिली, माळ्यावर राहिलेला डबा पण दिला, डब्यातच बिल होतं. आतला नंबर इचलकरंजीच्या एका व्हिडिओवाल्याचा. त्याच्या कॅमेऱ्याला विसर्जन मिरवणुकीत लेझर लागला, त्यानं तो ‘सेन्सर खराब, पार्टसाठी’ असं स्पष्ट लिहून विकला होता, त्याचं चॅट अजून होतं, त्यानं ते ग्रुपवर टाकलं. म्हणजे दोन प्रामाणिक माणसांनी खरं सांगून टाकाऊ माल दिला, आणि मधल्या कुणीतरी पुरात गेलेल्या कॅमेऱ्याचं बूड जळक्या कॅमेऱ्याला बसवलं, वर नवीन रबर चिकटवलं आणि जोडीला खरं बिल ठेवलं. बुडाची प्लेट बदलणं काही अवघड नाही, स्क्रू काढायचे आणि लावायचे. मी नंतर माझे फोटो झूम करून बघितले तर एका स्क्रूच्या खाचा चेपलेल्या दिसतात.

स्टुडिओवाले काका फार अस्वस्थ झाले, कारण बिलावर नाव त्यांचं. उद्या कुणी फसलं तर त्यांच्या दारात येणार. त्यांच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणले तुमचे पैसे गेलेले नाहीत त्यामुळं आत्ता गुन्हा उभा करणं अवघड आहे, पण बिलाचा गैरवापर होतोय असा अर्ज द्या, चॅट आणि फोटो जोडा, पुढं कुणी तक्रार घेऊन आलं तर हा अर्ज उपयोगी पडेल. अर्ज दिला, पोच घेतली. अ‍ॅपवर जाहिरात रिपोर्ट केली, ती गेली, आणि थोड्याच दिवसांत तेच फोटो दुसऱ्या नंबरवरनं सांगलीच्या नावानं परत दिसले, फक्त बिलाचा फोटो काढून टाकला होता. ती पण रिपोर्ट केली. सांगलीच्या ग्रुपवरही दोन्ही नंबर पाठवलेत.

त्या पोराला ग्रुपमधल्याच एका सीनियर फोटोग्राफरनी त्यांची क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी आणि तिच्यासोबत येणारी किट लेन्स दिली, सत्तावीस हजारात, फाईल आधी पाठवली, शटर ५४ हजार, पावतीवर आतला सिरीयल नंबर लिहून सही आणि आधारची झेरॉक्स. राहिलेल्या पैशात त्यानं फ्लॅश आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. मलाही डी७५० मिळाला शेवटी, निपाणीच्या एका शिक्षकांकडनं, ह्याच्यापेक्षा सात हजार जास्त देऊन, रबर सैल झालेला, कडा सुटलेल्या, पण भिंतीचा फोटो एकदम कोरा.

आणि ग्रुपमध्ये आता एक ठरलंय. बंद पडलेली बॉडी कुणालाही देताना डबा-बिल द्यायचं नाही, बिल फाडायचं, आणि बुडाच्या नंबरवर मशीननं ‘पार्ट’ असं कोरायचं. कोरायचं मशीन मी घेऊन ठेवलंय, कास्टिंगवर नंबर टाकायला आमच्याकडं वापरतात तसलंच. गेल्या आठवड्यात स्टुडिओवाल्या काकांनी पुरातल्याच आणखी तीन बॉड्या माळ्यावरनं काढून आणल्या, त्या तिन्हीवर कोरून दिलं.